प्रादेशिक स्पॉन्सरशिप आणि ऑस्ट्रेलियाचा कुशल स्थलांतर व्हिसा: बडोद्याच्या अर्जदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मकरपुरा, नंदेसरी आणि कोयलीच्या पट्ट्यातील कारखान्यांत काम करणारे अभियंते व तंत्रज्ञ, शहरातील परिचारिका, संगणक क्षेत्रातील तरुण मंडळी यांपैकी कोणीही ऑस्ट्रेलियाची चौकशी करू लागले की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘रीजनल घ्या, पंधरा गुण मिळतात.’ वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी यांवरून अर्जदाराला गुण देणाऱ्या तेथील व्हिसापद्धतीत प्रादेशिक (रीजनल) स्पॉन्सरशिपचे हे पंधरा गुण खरोखरच मिळतात. मात्र त्यांच्या बदल्यात पुढची काही वर्षे कोठे राहायचे आणि कोठे काम करायचे याचे बंधन अर्जदार स्वीकारत असतो, आणि हा भाग बहुधा फी भरून झाल्यावरच त्याच्या लक्षात येतो. पुढील उत्तरे तो भाग आधी कळावा अशा बेताने लिहिली आहेत.

प्रादेशिक स्पॉन्सरशिप देते कोण?

तीन वेगवेगळे पक्ष ती देऊ शकतात. सबक्लास (म्हणजे व्हिसाचा उपप्रकार) ४९१ या व्हिसासाठी ऑस्ट्रेलियाचे एखादे राज्य किंवा प्रदेशाचे सरकार अर्जदाराला नामांकन देते, किंवा प्रादेशिक भागात राहणारा पात्र नातेवाईक स्पॉन्सर होतो. सबक्लास ४९४ मध्ये स्पॉन्सर असतो तो नियोक्ता. दोन्ही व्हिसा १६ नोव्हेंबर २०१९ पासून सुरू झाले, दोन्ही पाच वर्षांचे आणि तात्पुरते आहेत, आणि दोन्हींनंतर कायम वास्तव्याची वाट सबक्लास १९१ या व्हिसातून जाते.

‘प्रादेशिक’ म्हणजे खेडेगावच का?

तसे नाही. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता जवळजवळ सगळा देश प्रादेशिक गणला जातो. पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, होबार्ट, गोल्ड कोस्ट, न्यूकॅसल, वोलोंगाँग आणि जिलाँग ही मोठी शहरेही त्यात येतात. हद्द पोस्टकोडवरून ठरते, शहराच्या नावावरून नव्हे. त्यामुळे घर भाड्याने घेण्यापूर्वी आणि नोकरी स्वीकारण्यापूर्वी दोन्ही पत्त्यांचे पोस्टकोड सरकारी यादीत तपासून पाहावेत.

या पंधरा गुणांनी प्रत्यक्षात किती फरक पडतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रासायनिक अभियांत्रिकीची पदवी असलेला, ३४ वर्षांचा, रिफायनरीच्या परिसरात आठ वर्षे काम केलेला विवाहित अर्जदार आहे. वयाचे २५, पदवीचे १५, आठ वर्षांच्या परदेशी अनुभवाचे १५ (भारतातील अनुभवही ऑस्ट्रेलियाच्या दृष्टीने परदेशीच) आणि इंग्रजीच्या परीक्षेत, म्हणजे आयईएलटीएसमध्ये, चारही विभागांत ७ बँड मिळवल्यास १०, अशी बेरीज ६५ होते. पत्नीने चारही विभागांत ६ बँड मिळवले तर आणखी ५ गुण मिळून ७० होतात. सबक्लास १९० चे राज्य नामांकन मिळाले तर ५ गुणांची भर पडून ७५ होतील. ४९१ चे मिळाले तर १५ ची भर पडून ८५.

किमान पात्रता ६५ गुणांची असली, तरी ती फक्त रांगेत उभे राहण्याची परवानगी आहे. निमंत्रण जास्त गुणांच्या अर्जदारांना आधी जाते, आणि स्वतंत्र सबक्लास १८९ मध्ये ६५ वर निमंत्रण येईल अशी आशा बहुतेक व्यवसायांत धरता येत नाही. म्हणूनच ७० गुणांवर अडलेल्या माणसाला ४९१ हा खुला दरवाजा वाटतो.

तरीही हाच अर्जदार दुसऱ्या वाटांनी गुण वाढवू शकतो का, हे आधी पाहावे. इंग्रजीत ७ ऐवजी ८ बँड मिळाले तर १० ऐवजी २० गुण मिळतात. भाषांतरकारांना प्रमाणित करणाऱ्या नाटी या ऑस्ट्रेलियन संस्थेची सामुदायिक भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास ५ गुण मिळतात, आणि तिच्या भाषांत मराठी व गुजराती दोन्ही आहेत. घरात मराठी आणि दारात गुजराती बोलत वाढलेल्या बडोदेकराला यांतली कोणती निवडायची एवढाच प्रश्न असतो. संवादात अधूनमधून येणाऱ्या कायद्याच्या आणि वैद्यकीय शब्दांची तयारी मात्र करावी लागते; बोलीभाषेवर विसंबून गेलेले परीक्षार्थी तेथेच अडखळतात.

माझा वाढदिवस जवळ आला आहे. त्याचा काही परिणाम होईल का?

होईल. वयाचे गुण निमंत्रणाच्या तारखेला मोजले जातात. ३३ वर्षे पूर्ण होताच ३० चे २५ होतात, ४० पूर्ण होताच २५ चे १५ होतात, आणि ४५ पूर्ण झाल्यावर निमंत्रणच मिळत नाही.

राज्याचे नामांकन मिळाले म्हणजे व्हिसा मिळाला, असे समजावे का?

समजू नये. बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे, म्हणून हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कुशल व्हिसाच्या अर्जावर तीन वेगवेगळ्या यंत्रणा आपापल्या नियमांनी निर्णय देत असतात आणि त्यांतील एकीचा होकार दुसरीला बांधत नाही. कौशल्य मूल्यांकन करणारी व्यावसायिक संस्था फक्त पदवी आणि अनुभव त्या व्यवसायाला साजेसे आहेत का, हे पाहते. राज्य सरकार आपल्याला या माणसाची गरज आहे का, हे पाहते. व्हिसा देणे किंवा नाकारणे हा अधिकार केवळ केंद्रीय गृह विभागाचा आहे, आणि तो गुणांचा प्रत्येक दावा, आरोग्य, चारित्र्य आणि कागदपत्रे नव्याने तपासतो.

क्रम असा असतो: मूल्यांकन आणि इंग्रजीची परीक्षा झाल्यावर अर्जदार स्किलसिलेक्ट या सरकारी प्रणालीत आपला इरादा नोंदवतो. ही नोंद दोन वर्षे टिकते. त्यानंतर राज्याच्या स्वतःच्या पद्धतीने नामांकनासाठी विचारणा होते, नामांकन मंजूर झाले की निमंत्रण येते, आणि निमंत्रणापासून ६० दिवसांत व्हिसाचा अर्ज भरावा लागतो. इरादापत्रात जितके गुण दाखवून निमंत्रण मिळाले, तितके गुण अर्जाच्या वेळी सिद्ध करता आले पाहिजेत. ८५ दाखवले आणि ८० च सिद्ध झाले, तर ८० हे किमान ६५ पेक्षा कितीही जास्त असले तरी अर्ज नाकारला जातो आणि भरलेली फी सहसा परत मिळत नाही. ‘थोडे वाढवून लिहा, नंतर बघू’ असे सांगणाऱ्याचा सल्ला त्याच क्षणी सोडून द्यावा.

बडोद्यात बसून अर्ज करता येतो, की आधी तिकडे जावे लागते?

केंद्रीय नियमांत देशाबाहेरून अर्ज करण्यास मनाई नाही. अडचण राज्यांच्या निकषांची आहे. तेथील आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, केंद्र सरकार प्रत्येक राज्याला ठरावीक जागा वाटून देते, आणि राज्ये त्या जागा आपल्या पसंतीने भरतात. २०२४-२५ या वर्षात एकूण १,८५,००० जागांपैकी प्रादेशिक गटाला ३३,००० जागा होत्या. जागा संपत आल्या की राज्ये वर्ष पुरे होण्याआधीच अर्ज घेणे थांबवतात. शिवाय त्या प्रदेशात आधीच राहणाऱ्या, तेथे शिकलेल्या किंवा नोकरी करणाऱ्या उमेदवारांकडे टास्मानियासारख्या राज्यांचा कल स्पष्ट असतो. कॅनबेराच्या प्रदेशाची तर स्वतःची वेगळी गुणपद्धतीच आहे. त्यामुळे आपला व्यवसाय यादीत आहे एवढे पाहून थांबू नये. देशाबाहेरच्या अर्जदारांसाठी तो खुला आहे का, हे पाहावे. बडोद्यातील अर्जदारांचा सर्वाधिक वेळ याच एका तपशिलाकडे दुर्लक्ष केल्याने वाया जातो.

सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी मान्य होते का?

पदवी मान्य होण्याचा प्रश्न नसतो. ती कोणत्या मार्गाने तपासली जाईल, हा प्रश्न असतो. भारत २०१४ मध्ये अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, परंतु त्याचा लाभ एनबीए या भारतातील मान्यता मंडळाने ठरावीक श्रेणीत मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांना आणि मान्यतेच्या काळात दिलेल्या पदव्यांनाच मिळतो. कलाभवनातून, म्हणजे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतून, बाहेर पडलेल्या जुन्या पदवीधरांनी आपले वर्ष त्यात बसते का, हे तपासावे. बसत नसेल, तर इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडे आपल्या कामाची तीन प्रकरणे स्वतःच्या शब्दांत लिहून सादर करावी लागतात. ही प्रकरणे कोणाकडून तरी विकत घेणे किंवा नेटवरून उचलणे फार महागात पडते, कारण संस्था नक्कल तपासते आणि नक्कल पकडली गेल्यास पुढे काही काळ अर्जच करता येत नाही.

संगणक क्षेत्रातील अर्जदारांसाठी वेगळी सूचना आहे. त्यांचे मूल्यांकन करणारी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी अनुभवाच्या सुरुवातीची काही वर्षे कौशल्य मिळवण्याचा काळ म्हणून वजा करते. सात वर्षे नोकरी केली म्हणून सात वर्षांचे गुण धरून चालणाऱ्याचे गणित येथे चुकते.

आयटीआय झालेले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची चाचणीही असू शकते.

आमचे दाखले गुजरातीत आहेत आणि नावेही जुळत नाहीत. काय करावे?

बडोद्यातील मराठी घरांची ही नेहमीची डोकेदुखी आहे. जन्मदाखला नगरपालिकेचा आणि गुजरातीत, शाळा सोडल्याचा दाखला मराठी शाळेचा, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनाव शेवटी आणि वडिलांचे नाव मध्ये, लग्नानंतर पत्नीचे मधले नाव बदललेले, असा एकाच कुटुंबाचा कागदी गोंधळ असतो. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक दाखल्याचे भाषांतर द्यावे लागते. ऑस्ट्रेलियाबाहेर केलेल्या भाषांतरासाठी नाटीचा परवाना आवश्यक नाही, परंतु भाषांतरकाराने त्यावर आपले पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्या भाषेतील आपली पात्रता व अनुभव लिहिणे आवश्यक आहे. नावांतील फरकासाठी शपथपत्र करावे आणि अर्जातही आपली सर्व प्रचलित नावे नमूद करावीत. एखादे नाव लपवले गेले तर साधा फरकही संशयाचा विषय होतो.

अनुभवाच्या दाव्यासाठी कंपनीच्या पत्राबरोबर फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा, बँकेची विवरणपत्रे आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक जोडावे. मालकाने रोखीने पगार दिलेला असेल, तर तो अनुभव सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते.

गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण बारा महिने किंवा अधिक काळ वास्तव्य झाले, तेथील पोलीस दाखलाही लागतो. भारताचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. आखातात नोकरी करून परतलेल्यांनी तिकडच्या दाखल्याची खटपट सर्वांत आधी सुरू करावी.

माझी मावसबहीण ॲडलेडला राहते. ती स्पॉन्सर होऊ शकते का?

होऊ शकते, जर ती ऑस्ट्रेलियाची नागरिक, कायम रहिवासी किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक असेल आणि खरोखर प्रादेशिक भागात राहत असेल. आई-वडील, मुले, भावंडे, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे, आजी-आजोबा आणि सख्खी चुलत, मावस, आते, मामे भावंडे हे नातेवाईक चालतात. जोडीदाराच्या बाजूचे हेच नातेही चालते. दूरचे भाऊबंद चालत नाहीत. या वाटेने येणारे निमंत्रण राज्याकडून येत नाही, ते केंद्रीय फेऱ्यांतून मिळते आणि त्यासाठी खुल्या असलेल्या व्यवसायांची यादी राज्य नामांकनाच्या यादीपेक्षा आखूड आहे. नाते सिद्ध करण्यासाठी दोन्ही पिढ्यांचे जन्मदाखले लागतात, हे लक्षात घेऊन आजोळची कागदपत्रे वेळीच शोधावीत.

नोकरी देणारी कंपनीच स्पॉन्सर असेल, तर अर्ज सोपा होतो का?

गुणांची चिंता उरत नाही, कारण सबक्लास ४९४ ला गुणपद्धती लागू नाही. मात्र साधारणतः वय ४५ च्या आत, व्यवसायाचा किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आणि अनुकूल कौशल्य मूल्यांकन या अटी राहतात. नियोक्त्याला आधी स्वतः मान्यताप्राप्त स्पॉन्सर व्हावे लागते, पदासाठी स्थानिक माणूस मिळाला नाही हे दाखवावे लागते, त्या भागातील प्रादेशिक प्रमाणन संस्थेचे मत घ्यावे लागते आणि बाजारभावाने पगार द्यावा लागतो. १ जुलै २०२५ पासूनच्या आर्थिक वर्षासाठी या पगाराची किमान मर्यादा वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर ठरवली गेली.

काही दुर्गम भागांनी केंद्र सरकारशी खास स्थलांतर करार केले आहेत. नॉर्दर्न टेरिटरी, पश्चिम ऑस्ट्रेलियातील गोल्डफिल्ड्स, क्वीन्सलँडचा अतिउत्तर भाग ही त्यांची उदाहरणे. या करारांत वय, इंग्रजी किंवा पगार यांत काही सवलती मिळू शकतात. त्यांचा लाभ नियोक्त्यामार्फतच घेता येतो. व्यक्तीला थेट अर्ज करता येत नाही.

एक मध्यस्थ स्पॉन्सरशिप मिळवून देण्यासाठी पंधरा लाख रुपये मागतो आहे. द्यावेत का?

देऊ नयेत. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे किंवा अन्य लाभ मागणे वा घेणे हा ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१५ पासून तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे, आणि असा लाभ देऊ करणाऱ्यावरही दंडाची कारवाई होऊ शकते. पैसे देऊन मिळवलेला व्हिसा रद्द होऊ शकतो. नियोक्त्याने भरायचा प्रशिक्षण निधीचा आकार नोकराकडून वसूल करण्यासही मनाई आहे. कौशल्य मूल्यांकन, परीक्षा, वैद्यकीय तपासणी, व्हिसाची फी आणि सल्लागाराचे शुल्क हे कायदेशीर खर्च वेगळे. त्यांची पावती मिळते.

सल्लागार खरा आहे की नाही, हे कसे ओळखावे?

ऑस्ट्रेलियात राहून स्थलांतराचा व्यवसाय म्हणून सल्ला देणाऱ्याला, वकील वगळता, सरकारी नोंदणी बंधनकारक आहे. भारतात बसलेल्या सल्लागारावर ते बंधन नाही. म्हणजे अलकापुरीतल्या चकचकीत कार्यालयाच्या पाटीवरून काहीच सिद्ध होत नाही. सल्लागार नोंदणीकृत असल्याचे सांगत असेल, तर त्याचा क्रमांक घेऊन सरकारी नोंदवहीत पाहावा. स्किलसिलेक्ट आणि व्हिसाच्या खात्याचे पासवर्ड अर्जदाराकडे असावेत आणि सादर होणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवावी, कारण त्यातील चुकीच्या माहितीची जबाबदारी सहीखालच्या माणसावर येते.

४९१ मिळाल्यावर जिलाँगला घर आणि मेलबर्नला नोकरी असे चालेल का?

चालणार नाही. बडोदे-अहमदाबाद अपडाउन करण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींना ही व्यवस्था अगदी स्वाभाविक वाटते, आणि जिलाँग ते मेलबर्न हे अंतर बडोदे-अहमदाबादपेक्षा कमीच आहे. परंतु व्हिसावरील ८५७९ क्रमांकाची अट राहणे, काम करणे आणि शिकणे या तिन्ही गोष्टी प्रादेशिक भागातच व्हाव्यात, असे सांगते. फिरायला, लग्नाकार्याला किंवा विमान पकडायला महानगरात जाण्यास हरकत नाही. एका प्रादेशिक भागातून दुसऱ्या प्रादेशिक भागात, अगदी दुसऱ्या राज्यातही, स्थलांतर करण्यास व्हिसाची अट आड येत नाही. मात्र नामांकन देणाऱ्या राज्याला दिलेले वचन वेगळे असते आणि ते मोडण्याआधी त्या राज्याशी बोलणे शहाणपणाचे.

पत्ता, ईमेल, दूरध्वनी, पासपोर्ट, नोकरीचे ठिकाण यांतील बदल १४ दिवसांत विभागाला कळवावा लागतो. विभागाने पुरावा मागितला तर तो २८ दिवसांत द्यावा लागतो. म्हणून भाडेकरार, विजेची बिले आणि पगारपत्रके पहिल्या दिवसापासून जपावीत. जोडीदार आणि मुलांवरही हीच अट असते. पती बेंडिगोला आणि पत्नी सिडनीला नोकरीला, अशी विभागणी चालत नाही.

१९० वर अशी अट नसते का?

नसते. राज्याला साधारणपणे दोन वर्षे तेथे राहण्याचे वचन द्यावे लागते, पण ते व्हिसाच्या अटीत नसते. पाच गुणांचे १९० आणि पंधरा गुणांचे ४९१ यांची तुलना करताना हा फरक गुणांइतकाच वजनाचा मानावा, असे आमचे मत आहे. ७५ गुणांवर १९० मिळण्याची खरी शक्यता असेल, तर ८५ च्या मोहाने ४९१ कडे धावण्याचे कारण नाही.

कायम वास्तव्य कधी मिळते? त्यासाठी ठरावीक उत्पन्न लागते का?

४९१ किंवा ४९४ वर किमान तीन वर्षे काढल्यावर, अटी पाळल्या असल्यास, सबक्लास १९१ साठी अर्ज करता येतो. तीन आर्थिक वर्षांच्या करनिर्धारणाच्या नोटिसा जोडाव्या लागतात. योजना जाहीर झाली तेव्हा ५३,९०० डॉलर किमान उत्पन्नाची चर्चा होती आणि बडोद्यात अजूनही तो आकडा सांगितला जातो. प्रत्यक्षात किमान रक्कम ठरवलेली नाही. विवरणपत्र मात्र दरवर्षी भरावेच लागते. व्हिसाची पाच वर्षे मंजुरीच्या दिवसापासून मोजली जातात. ‘घर विकून, दिवाळी करून निघू’ म्हणत येथे घालवलेले वर्ष त्यातूनच वजा होते.

नागरिकत्वासाठी एकूण चार वर्षांचे कायदेशीर वास्तव्य लागते आणि त्यांतील शेवटचे वर्ष कायम रहिवासी म्हणून. ४९१ वर तेथे प्रत्यक्ष काढलेला काळ त्या चार वर्षांत धरला जातो.

तिकडे गेल्यावर मन बदलले, तर १८९ किंवा १९० घेता येईल का?

तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत घेता येत नाही. ४९१ आणि ४९४ धारकांना १८६, १८९, १९० अशा बहुतेक कुशल कायम व्हिसांची, तसेच देशात राहून घेण्याच्या जोडीदार व्हिसाची वाट अपवादात्मक परिस्थिती वगळता तोपर्यंत बंद असते. लग्न ठरायचे असलेल्या तरुण-तरुणींनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

कॅनडात राज्याच्या नामांकनाचे नियम असेच आहेत का?

रचना वेगळी आहे. कॅनडात प्रांताचे नामांकन मिळाल्यास एक्स्प्रेस एन्ट्री या तेथील गुणांवर चालणाऱ्या निवडपद्धतीत ६०० गुणांची भर पडते, म्हणजे निमंत्रण जवळजवळ निश्चित होते, आणि मिळतो तो थेट कायम वास्तव्याचा व्हिसा. तेथील हक्कांच्या सनदेचे सहावे कलम कायम रहिवाशाला देशात कोठेही राहण्याचा हक्क देते. तथापि अर्ज करताना आणि तेथे उतरताना त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा असावा लागतो, आणि तो नव्हता असे दिसल्यास चुकीची माहिती दिल्याचा ठपका येऊ शकतो. २०२५ साठी प्रांतिक नामांकनाचे उद्दिष्ट ५५,००० पर्यंत खाली आणले गेले, आणि २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या प्रस्तावाचे जादा गुणही काढून टाकण्यात आले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याच्या अनुभवावरून आजचा हिशेब मांडता येत नाही.